जेवणाच्या टेबलासाठी अँटिक किंवा व्हिंटेज वाढपाची भांडी घेताना काय बघावं? ती वापरायला सुरक्षित असतात का?

यात दोन गोष्टी येतात. ‘अँटिक’ म्हणून ऑनलाइन विकायला काढलेला पूर्ण डिनर सेट घ्यावा का, आणि अशा भांड्यांतून नेहमीचं जेवण वाढलं तर चालतं का. पहिलीचं उत्तर आधी देतो: सेट घेऊ नका. वाढायची मोठी भांडी सुटी घ्या आणि जेवायच्या प्लेट्स नव्याच राहू द्या.

जुन्या सेटमध्ये सगळ्यात जास्त झिजलेल्या असतात त्या प्लेट्स. सुऱ्या-काट्यांचे ओरखडे ग्लेझमधून, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरातून, आत गेलेले असतात आणि नेमकं तिथेच आपलं अन्न टेकतं. शिवाय जुन्या डिनर प्लेट्स बऱ्याचदा आजच्यापेक्षा लहान निघतात. याउलट ट्युरीन (सूप वाढायचं झाकणाचं खोल भांडं), ग्रेव्ही बोट (रस्सा ओतायचं चोचीचं भांडं), केक स्टँड ही मंडळी पाहुणे आले की कपाटाबाहेर यायची, म्हणून ती चांगल्या अवस्थेत सापडतात. मांस कापायचा मोठा प्लॅटर तेवढा अपवाद, त्याच्यावर सुरी चाललेलीच असते. आणि सेट म्हटला की त्यातलं एक भांडं फुटलं तरी हळहळ. सुट्या भांड्यांना ती कटकट नाही.

वेगवेगळी भांडी एका टेबलावर शोभतील का, ही शंका अनेकांना असते. नक्षी जुळायची गरज नसते, पांढरा रंग जुळावा लागतो. निळ्या छपाईची चार वेगळ्या नक्ष्यांची भांडी बिनदिक्कत एकत्र मांडा, छान दिसतात. पण बोन चायनाचा स्वच्छ पांढरा आणि जुन्या मातीकामाचा सायीसारखा पांढरा शेजारी आले, की दुसरं भांडं नीट न धुतल्यासारखं वाटतं.

आता वयाबद्दल. शंभर वर्षांपेक्षा जुनं ते अँटिक, त्याच्या अलीकडचं ते व्हिंटेज, असा साधारण संकेत आहे. विकणाऱ्यांच्या तोंडी मात्र दोन्हींचा अर्थ ‘महाग’ एवढाच असतो. त्यामुळे भांडं स्वतः बघायला शिकलेलं बरं. उदाहरणादाखल निळ्या छपाईचं ट्युरीन घ्या.

आधी झाकण उचलून उजेडात बुडाशेजारी धरा. निळ्याची छटा, नक्षीची किनार आणि ग्लेझची चमक तिन्ही जुळायला हवं. झाकण फुटलं की दुसऱ्याच ट्युरीनचं आणून बसवायचं, हा जुना धंदा आहे. झाकणाला डावासाठी खाच असते, तिच्या कडांवरून बोट फिरवा, टवके सगळ्यात आधी तिथे उडतात. मग रिकामं भांडं तळहातावर ठेवून काठावर टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा चिकटवलेलं आहे, भले डोळ्यांना दिसो न दिसो. यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात फिरवा, नंतर भरलेला रंग आणि गोंद बहुतेक वेळा मूळ ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात. छपाई बघताना नक्षी कुठे तुटते ते शोधा. जुन्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेला छाप तुकड्यातुकड्याने भांड्यावर चिकटवत, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात फांदी मध्येच संपते, फूल अर्धंच राहतं. असा सांधा दिसला की मला बरं वाटतं. शेवटी भांडं उलटं करा. तळाच्या कड्याची खरी झीज वेडीवाकडी असते, जिथे भार जास्त तिथे जास्त. चोहोबाजूंनी सारखीच घासलेली कडा मुद्दाम ‘जुनी’ केलेली असू शकते.

तळाच्या शिक्क्यावर लोक फार लवकर विश्वास ठेवतात. त्यात छापलेलं साल बहुधा कंपनीच्या स्थापनेचं असतं, भांड्याचं नव्हे. शिक्क्यात देशाचं नाव असेल तर ते उपयोगी पडतं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅककिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं भांडं बहुतेक त्यानंतरचं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर आणखी अलीकडचं, सहसा विसाव्या शतकातलं. ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) असेल तर साधारण १८९१ ते १९२१. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ब्रिटिश नोंदणी-शिक्का १८४२ ते १८८३ मधला, पण ती डिझाइनच्या नोंदणीची तारीख. तेच डिझाइन पुढे कितीतरी वर्षं निघालेलं असू शकतं.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि इथे मी जरा कडक आहे. जुन्या ग्लेझमध्ये आणि ग्लेझवर काढलेल्या रंगांत शिसं असणं अगदी नेहमीचं. आंबटपणा, उष्णता आणि वेळ या तिन्हींमुळे ते अन्नात उतरतं. म्हणून जुन्या भांड्यात ब्रेड, अख्खी फळं, कोरडे पदार्थ खुशाल ठेवा. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेलं, गरमागरम पातळ पदार्थ टाळा, उरलेलं अन्न त्यातच फ्रीजमध्ये टाकू नका आणि मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. ग्लेझवर बारीक भेगांचं जाळं असेल आणि ते तपकिरी झालं असेल, तर आधीची चरबी आत मुरलेली आहे असं समजा. असं भांडं शोभेला ठेवा, किंवा आत काचेचा बाउल बसवून वापरा. घरी करायच्या शिशाच्या चाचणीत ‘नाही’ आलं म्हणजे शिसं नाहीच, असं धरून चालू नका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर हा विषय वाढपापुरताही नको, माझं तरी हेच मत.

अमेरिकेतल्या होमर लाफलिन कंपनीच्या जुन्या लाल ‘फिएस्टा’ भांड्यांच्या रंगात तर युरेनियम असायचं. १९४३ मध्ये युद्धामुळे तो रंग बंद झाला, १९५९ मध्ये परत आला आणि १९७२ पर्यंत चालला. शेल्फवर सुंदर दिसतात, जेवायला दुसरं काहीतरी घ्या. लेड क्रिस्टलच्या, म्हणजे शिसं घातलेल्या काचेच्या, डिकँटरचंही (दारू ओतायच्या सुरईचंही) तसंच. अस्सल मालात २४ टक्के किंवा जास्त शिशाचं ऑक्साइड असतं. जेवणाच्या वेळी ओतून तासाभरात संपवलंत तर ठीक, पण दारू आठवडाभर त्यात भरून ठेवायची नाही.

धातूच्या भांड्यांत मला चांदीच्या मुलाम्याचे ट्रे सर्वांत आवडतात. पुष्कळ सापडतात, घासायच्या कंटाळ्याने लोक ते काढून टाकतात, आणि शिशाची चिंता सहसा नसते. ‘ई.पी.एन.एस.’ म्हणजे निकेल-मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा, एल्किंग्टनने १८४० मध्ये पेटंट घेतलं तीच पद्धत. त्याआधीचं शेफील्ड प्लेट म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा जोडलेला. कडेला तांबूस झाक दिसत असेल तर ते कदाचित तेच असेल, आणि मग नवा मुलामा चढवायचा मोह आवरा, जुन्या वस्तूची किंमत त्यात जाते. मीठ चांदीला खातं, म्हणून जुन्या मीठदाण्यांत निळ्या काचेची वाटी असते. ती हरवली असेल तर तेवढी नवी मिळते का बघा. अंड्याने चांदी काळी पडते. पोकळ मुठीच्या सुऱ्या गरम पाण्यात भिजत घालू नका, आतली राळ सुटते आणि मूठ हातात येते. तांब्या-पितळेच्या भांड्याची आतली कल्हई शाबूत नसेल तर ती करून घेतल्याशिवाय अन्न घालायचं नाही. जुन्या प्युटरमध्येही (कथिलाच्या मिश्रधातूत) शिसं असतं, ते फक्त शोभेला.

डिशवॉशरमध्ये यातलं काहीच नको. सोनेरी किनार तर काही धुण्यांतच उडते.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे तळाचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि खिडकीच्या तिरप्या उजेडातला असे तीन फोटो मागा, तिरप्या उजेडात ओरखडे आणि तडे लपत नाहीत. मापंही मागून घ्या. प्लॅटर फोटोत नेहमी लहान वाटतो, आणि एकोणिसाव्या शतकातले मोठे प्लॅटर २० इंच लांब असतात. ते टेबलावर दोघांची जागा खातात आणि सिंकमध्ये मावत नाहीत. त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून आधी टेबलावर आणि मग कपाटात ठेवून बघा, पैसे त्यानंतर भरा.