किकापू नदीवर पहिल्यांदाच कनू (वल्ह्याची निमुळती होडी) घेऊन निघालास?

ऑन्टॅरिओ गाव ते ला फार्ज गाव हाच पट्टा घे, पण पहिल्याच दिवशी पूर्ण करायचा हट्ट नको; वाटेत वाइल्डकॅट माउंटन पार्कच्या धक्क्यावर कनू बाहेर काढ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची ही नदी जेमतेम 200 किलोमीटरची, पण इतकी नागमोडी की नकाशावर हाकेच्या अंतरावरचा पूल पाण्यातून लवकर येतच नाही. पुलांना नंबर दिलेत, ते मोजत जा.

खरी गंमत वळणावर. प्रवाह तुला बाहेरच्या काठाकडे ओढतो आणि नेमकी तिथेच झाडं आडवी पडलेली असतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस अडकतो. म्हणून वळणात शिरण्याआधीच कनूचं तोंड आतल्या बाजूला घे. तरीही खोडावर आपटलास तर खोडाकडेच झुक. मी घाबरून उलट झुकलो होतो. कडेवरून पाणी आत आलं आणि पोळीभाजीचा डबा गेला तो गेलाच.

निघण्याआधी ला फार्जची पाणीपातळी बघ. 2018च्या ऑगस्टमध्ये इथे विक्रमी पूर आला होता. पाणी चहाच्या रंगाचं दिसलं, तर मुकाट्याने गाडी वळव. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, बुडाखाली नाही!