'स्टेन्ड ग्लास'ला मराठीत काय म्हणावे? डाग, रंग आणि रेघ यांतला फरक

'स्टेन्ड ग्लास' म्हणजे रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून केलेली चित्रांची खिडकी. विचारणा अशी आहे: एका अनुवादात चर्चचे वर्णन करताना 'बायबलमधील कथा दाखवणाऱ्या डागाळलेल्या काचेच्या खिडक्या' असे लिहिले आहे. हे चालेल का? नसेल तर 'रंगीत काच', 'रंगवलेली काच', 'काचचित्र', 'चित्रकाच' यांतले काय घ्यावे? आणि अशी खिडकी 'पाहायची' म्हणावे की 'वाचायची'?

'डागाळलेली' मुळीच नको. मराठीत जे डागाळते ते बिघडते, मग तो सदरा असो की कोणाचे नाव. इंग्रजी 'स्टेन'ला डाग हा अर्थ आहे, तसा रंग मुरवणे हाही आहे. लाकडाला पॉलिशच्या आधी स्टेन देतात तो याच दुसऱ्या अर्थाने. अनुवादकाने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि खिडकी मळकी झाली.

'रंगवलेली काच' ही चूक जास्त फसवी आहे, कारण ती कानाला खटकत नाही. वाचकाला वाटते की कोणीतरी साधी काच घेतली आणि कुंचल्याने तिच्यावर निळा, लाल, हिरवा रंग दिला. मध्ययुगीन खिडक्यांत असे झालेले नाही. तिथला रंग काच वितळत असताना मुशीतच पडतो: कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, लोखंडाने हिरवट. तांब्याने हिरवा होतो आणि भट्टीत हवा कमी ठेवली तर लाल. ही लाल काच इतकी गडद असते की पूर्ण जाडीची केली तर ती काळीच दिसावी. म्हणून साध्या काचेवर लालाचा पातळ थर चढवत. काच फोडून पाहिली तर निळा रंग आरपार दिसतो, लाल बहुधा एका बाजूला थरासारखा. तेव्हा कच्च्या मालाबद्दल बोलत असू तर 'रंगीत काच' हाच अचूक शब्द.

मग कुंचला कुठे लागतो? रेघेसाठी. चेहऱ्याचे डोळे, झग्याच्या चुण्या, हातांची बोटे, अक्षरे हे सगळे तपकिरी-काळ्या लेपाने काढतात. लेप म्हणजे लोखंडाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेची पूड, डिंकाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये खललेली. तुकडे सुमारे 600 ते 680 अंश सेल्सिअसला भाजले की लेपातली पूड वितळून काचेला चिकटते. हा लेप रंग देण्यासाठी नसतो, उजेड अडवण्यासाठी असतो. याला 'रेखन' म्हणावे. 'रंगकाम' म्हटले की पुन्हा तोच घोटाळा.

हा फरक शब्दच्छल वाटत असेल तर जुन्या खिडकीची मोडतोड पाहावी. 19व्या शतकात इंग्लंडमध्ये काही कार्यशाळांनी लेप कमी आचेवर वितळावा म्हणून त्यात टाकणखार (बोरॅक्स) जास्त घातला. आत दव धरले की असा लेप विरघळतो. आज अशा खिडक्यांत संताचा निळा झगा ठसठशीत निळा आहे, लाल अंगरखा लाल आहे आणि चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरट तुकडा आहे: नाक नाही, डोळे नाहीत. भट्टी पुरेशी तापली नसेल तरी हेच होते. अशा खिडकीबद्दल 'रंग उडाला' लिहिणे चूक. 'रेखन गेले' किंवा 'रेखन झिजले' लिहावे. साफसफाईच्या सूचनांचा अनुवाद करणाऱ्याने तर हे नक्की पाळावे. 'रंग पक्का आहे' एवढेच वाचून कोणी आतल्या बाजूने घासले तर पक्का रंग राहील आणि चेहरा जाईल.

आता 'स्टेन' शब्द या कलेत खरोखर कुठे लागू पडतो ते. मुख्यतः पिवळ्याला. 14व्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या कारागिरांना चांदीची करामत कळली. चांदीचा क्षार मातीत कालवून तुकड्याच्या मागच्या, म्हणजे बाहेरच्या अंगाला लावायचा आणि रेखनापेक्षा कमी आचेवर भाजायचे. चांदी काचेत शिरते. भट्टीतून काढून माती पुसली की खाली लिंबापासून केशरीपर्यंतचा पारदर्शक पिवळा निघतो. आच जास्त झाली तर तो तांबूस-तपकिरी आणि गढूळ होतो. हा रंग काचेवर बसलेला नसतो, काचेत मुरलेला असतो, म्हणून 'मुरवणे' हे क्रियापद इथे नेमके बसते. 'सिल्व्हर स्टेन'ला 'चांदीचा मुरवलेला पिवळा' म्हणावे. लांबते, पण वाचकाला कृती कळते. 'चंदेरी रंग' अजिबात नको, कारण दिसतो तो पिवळा.

याची खूण डोळ्यांनी ओळखता येते. देवदूताचा पांढरा चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यावर असतील, मध्ये शिशाची काळी रेघ नसेल, तर ते केस चांदीने पिवळे केलेले. त्याआधीच्या खिडक्यांत पिवळे केस किंवा पिवळे वलय हवे तर पिवळ्या काचेचा वेगळा तुकडा कापून शिशात बसवावा लागे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये दावीद, दानीएल, होशेय आणि योना या बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या खिडक्या आहेत. अजून इमारतीतच असलेल्या सर्वांत जुन्या खिडक्यांत त्यांची गणना होते. त्यांच्यात हा मुरवलेला पिवळा कुठेच नाही.

16व्या शतकापासून मात्र साध्या काचेवर मीन्याचे (काचेच्या पुडीचे, भाजून बसवायचे) रंग चढवायची पद्धत आली. त्या खिडक्यांना 'रंगवलेली काच' खुशाल म्हणावे. एरवी नाही.

राहिला पूर्ण वस्तूचा शब्द. 'काचचित्र' अर्थाने वाईट नाही, पण दोन अडचणी. एक, उच्चार: 'काच'मधला च दातांजवळचा आणि 'चित्र'मधला टाळूचा, दोन्ही लागोपाठ आले की जीभ अडखळते. दुसरी मोठी. मराठी समासात शेवटचे पद मुख्य, म्हणजे 'काचचित्र' हे आधी चित्र. काचेच्या मागून रंगवून पुढून पाहायची चित्रे ही वेगळी कला आहे, आणि हा शब्द तिकडेही ओढला जातो. ती भिंतीवर टांगतात, त्यांवर समोरून उजेड पडतो. खिडकीतली काच उजेड आरपार आल्याशिवाय जिवंतच होत नाही. रात्री आतून पाहिली तर ती काळी दिसते. 'चित्रकाच'मध्ये मुख्य पद काच आहे, चित्र तिचे विशेषण. माझे मत याच शब्दाला. रूपे सरळ चालतात: चित्रकाच, चित्रकाचेची खिडकी, चित्रकाचांचे जतन. पहिल्या उल्लेखात 'चित्रकाचेच्या (स्टेन्ड ग्लासच्या) खिडक्या' लिहून पुढे नुसते 'चित्रकाच' ठेवावे. बोलताना 'स्टेन्ड ग्लास' म्हणायलाही काही हरकत नाही, तो शब्द रुळलेला आहे.

जोडणीच्या शब्दांना मात्र परकेपणाची गरज नाही. तुकडे शिशाच्या पट्टीत बसतात. पट्टीला दोन्ही अंगांना खोबण असते. पट्ट्या जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी डाख देतात, म्हणजे कथील-शिशाचा. मग फटींत लांबी (पुट्टी) भरतात: खडूची पूड, जवसाचे तेल, थोडी काजळी. लांबी सुकून गळाली की पाणी शिरते आणि तुकडे खुळखुळतात. वाऱ्याचा दाब पेलायला आडवे गज लावून तांब्याच्या तारेने बांधतात. तारा तुटल्या की खिडकीला पोट येते. नुसती साधी काच शिशात बसवली असेल तर ती चित्रकाच नव्हे, तिला 'शिसेबंद तावदान' म्हणावे.

'पाहणे' की 'वाचणे'? कथेच्या खिडकीला 'वाचणे' योग्य, कारण तिला क्रम असतो. अशा खिडक्यांना लावतात ते 'निरक्षरांचे बायबल' हे विशेषण मात्र जपून वापरावे. इ.स. 600च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने मार्सेयच्या बिशपला लिहिले की ज्यांना अक्षर येत नाही ते चित्र पाहून वाचतात. पण तो भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलत होता. पॅरिसच्या सँत शापेल या प्रार्थनामंदिरात, जे 1248 साली पुरे झाले, 15 खिडक्यांत 1,113 प्रसंग आहेत आणि खिडक्या सुमारे 15 मीटर उंच. खाली उभ्या माणसाला वरचे प्रसंग ओळखता येत नाहीत. गोष्ट आधी ऐकलेली असावी लागते, मग खिडकी ती आठवून देते.

क्रम बहुधा खालून वर, आणि अनुवादात चुकतो तो इथेच. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमधली चांगल्या शोमरोन्याची (इंग्रजीत 'गुड समॅरिटन', जखमी परक्याला मदत करणारा) खिडकी घ्या. तळाशी ती देणाऱ्या चांभारांची चित्रे आहेत. त्यांच्या वर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दाखला: वाटसरू शहरातून निघतो, लुटारू त्याला झोडपतात, शोमरोनी त्याला उचलून नेतो. त्याच्याही वर बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातला आदाम, त्याची निर्मिती आणि पतन. घायाळ वाटसरू म्हणजे पतनानंतर एदेन बागेबाहेर पडलेला माणूस, हा अर्थ डोळा वर चढताना लागतो. मूळ मजकुरातला 'खालून' हा शब्द गाळला तर मराठी वाचक आदामापासून सुरुवात करील आणि वाटसरू त्याला शेवटी, उलट्या क्रमाने भेटेल.