आईचे गुडघे आणि वादी रम

प्रश्न : जॉर्डनमधल्या वादी रमच्या वाळवंटात आईला घेऊन जायचंय. वय ६८, गुडघे दुखतात. जीपची सफर तिला झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण ‘जीप’ या शब्दावर जाऊ नका. बहुतेकदा ती मागे समोरासमोर बाकं टाकलेली उघडी पिकअप असते. मागे चढायला गुडघ्याएवढी उंच पायरी. मी दोन तास ऐटीत मागे बसले आणि पुढचे दोन दिवस कंबर धरून होते! आईंसाठी ड्रायव्हरशेजारची जागा आधीच ठरवून घ्या.

खझअलीची घळ मात्र चुकवू नका. वालुकाश्माच्या दोन भिंतींमधली ही अरुंद फट. आत ओल आणि निसरड्या कडा आहेत, म्हणून आईंनी तोंडापाशीच थांबावं. भिंतींवर माणसं, प्राणी, पावलांचे ठसे अशी कोरीव चित्रं आणि थमुदी या प्राचीन लिपीतले लेख आहेत. माझा बदू (वाळवंटातल्या अरब जमातीचा) वाटाड्या एकेक आकृती बोटाने हवेत गिरवून दाखवत होता. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन.

लाल वाळूच्या टेकडीवर आईंना चढवू नका, पाय घोट्यापर्यंत रुततो. उम् फ्रूथची खडकाची नैसर्गिक कमान खालूनही छान दिसते.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. जॉर्डन पास या पर्यटकांच्या एकत्रित तिकिटात प्रवेश शुल्क येतं, जीपचं भाडं नाही. ते वेगळं ठरवावं लागतं, तास आणि ठिकाणं आधी स्पष्ट बोलून. आणि हो, तोंडाला गुंडाळायला सुती ओढणी घ्या. माझ्या दातांत संध्याकाळपर्यंत वाळू करकरत होती.