तिथी नेमकी कुठली धरायची?

ब्रेन डेड घोषित झालेला, पण हृदय चालू असलेला माणूस 'तोच' राहतो का, असं तुम्ही विचारलंय. अंबाजोगाईला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी नोकरी सरली, पण हा प्रश्न भिडला तो मेहुण्याच्या वर्षश्राद्धाला.

मोटारसायकल घसरली, हेल्मेट नव्हतं. संभाजीनगरच्या आयसीयूत चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासलं: बाहुल्या प्रकाशाने आकसतात का, व्हेंटिलेटरविना श्वासाची धडपड होते का. काहीच नाही. 1994 च्या प्रत्यारोपण कायद्याच्या हिशेबाने तो तेव्हाच मेला. सासूबाई म्हणाल्या, "हात गरम हाय की त्याचा. मेलेल्याचा असतो व्हय?" अवयवदानाला घरच्यांनी नकार दिला. मग छाती हलत राहिली, हृदय दोन दिवसांनी थांबलं, दाखल्यावर तीच तारीख पडली. होकार दिला असता तर दुसऱ्या तपासणीची पडली असती!

ब्रेन डेथची गाजलेली व्याख्या हार्वर्डच्या समितीने 1968 साली मांडली. समर्थन पुढे जोडलं गेलं: मेंदू शरीराचा कारभारी, तो गेला की अवयवांचा मेळ सुटतो. ॲलन शूमन या न्यूरॉलॉजिस्टने 1998 मध्ये उदाहरणं देऊन ते खोडलं. अशी शरीरं महिनोन्‌महिने टिकली होती, एक तर 14 वर्षांहून जास्त. तत्त्वज्ञ एरिक ऑल्सन म्हणतो, मी म्हणजे हा सजीव देह. शूमनचं खरं असेल तर ऑल्सनच्या मताने मेहुणा ते दोन दिवस होताच. दुसरा तत्त्वज्ञ जेफ मॅकमहान, त्याच्या मते मी म्हणजे मन. ते कायमचं विझलं की देह उरला तरी मी नाही. आपले चार्वाक म्हणत, चैतन्य देहातच उपजतं, किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मद्याची झिंग यावी तसं. पण झिंग ओसरलेल्या मद्याला मद्य म्हणायचं का?

माझा कल मॅकमहानकडे. बोच एवढीच, की आपला कायदा ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा खालचा देठ, तपासतो, मन नाही. स्टेम शाबूत असून मेंदूचा वरचा भाग कायमचा गेला तर श्वास आपसूक चालतो. कायद्याने तो जिवंत, मॅकमहानच्या हिशेबाने गेलेला. तिथवर जायला माझीही छाती होत नाही.

सासूबाई दाखल्याची तिथी धरतात. मेहुण्याची बायको अपघाताचा दिवस पाळते. त्या सकाळी डबा घेताना तो तिच्याशी शेवटचं बोलला होता. आमच्याकडे पान दोनदा वाढलं जातं. पहिल्या वर्षी मी गुरुजींना विचारलं, तर त्यांनी पंचांग मिटून ठेवलं आणि चहा मागितला.