‘पाताळयंत्री’ म्हणायचं, पण कोणाच्या तोंडून?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मित्रमंडळींना दाखवण्यासाठी ते ‘बूगी मॅन: द ली अ‍ॅटवॉटर स्टोरी’ या, अमेरिकेतल्या निवडणूक मोहिमा चालवणाऱ्या ली अ‍ॅटवॉटरवरच्या २००८ सालच्या माहितीपटाला मराठी उपशीर्षकं लावत आहेत. ‘पोलिटिकल स्ट्रॅटेजिस्ट’ला त्यांनी ‘कूटनीतिज्ञ’ लिहिलं. घरच्यांनी ‘मुत्सद्दी’ सुचवलं. एक मित्र ‘सरळ चाणक्य टाक’ म्हणून बसला आहे. यांतला बरोबर शब्द कोणता?

मी तिन्ही खोडीन.

‘कूटनीतिज्ञ’ आपल्याकडे का सुचतो हे उघड आहे. १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं आणि ती सरमिसळ अजून आपल्या जिभेवर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही ‘करून राहिलो’ असंच बोलतो. पण हिंदीत कूटनीति म्हणजे परराष्ट्रांशी चालणारा व्यवहार, आणि राजदूत हा कूटनीतिज्ञ. मराठी कानाला मात्र ‘कूट’मध्ये कपटच ऐकू येतं. कौटिल्यानेसुद्धा उघड लढाईला प्रकाशयुद्ध आणि फसवून केलेल्या लढाईला कूटयुद्ध म्हटलं आहे. म्हणजे एकाच ओळीत तुमच्या अर्ध्या प्रेक्षकांना वकिलातीतला अधिकारी दिसणार आणि उरलेल्यांना कपटी माणूस.

‘मुत्सद्दी’ फार भारदस्त पडतो. मूळ अरबी शब्द. हिंदीत तो मुनीम-कारकुनापाशीच राहिला, मराठीत दरबारात जाऊन बसला. आपल्या नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे खरे मुत्सद्दी. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांमध्ये ते पूर्ण शहाणे, आणि तलवारीची बाजू लंगडी म्हणून नाना फडणीस अर्धे. (पुणेकर पाहुणे आले की हे जरूर सांगावं.) या मंडळींनी राज्यांची बोलणी केली, तह घडवले आणि मोडले. अ‍ॅटवॉटरचं काम निवडणूक जिंकून देण्याचं. ‘चाणक्य’ तर आता कोणालाही चिकटवतात. नगरसेवकाची जागा काढून दिली तरी माणूस चाणक्य होतो, आणि वर ती पदवी कौतुकाची. ज्याच्याबद्दल वाद आहे त्याला निवेदकानेच हार घालायचा, हे कसं चालेल?

मग हा माणूस कोण? १९८८ साली थोरल्या बुश यांची अध्यक्षपदाची मोहीम अ‍ॅटवॉटरच्या हातात होती. प्रतिस्पर्धी मायकेल डुकाकिस, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर. त्या राज्यात विली हॉर्टन नावाचा, खुनासाठी जन्मठेप भोगणारा कृष्णवर्णीय कैदी सुट्टीवर बाहेर सोडला असताना परतलाच नाही, आणि पुढे मेरीलँडमध्ये त्याने बलात्कार आणि हल्ला केला. त्याचा चेहरा दाखवणारी जाहिरात टीव्हीवर आली ती कागदोपत्री बुश यांच्या मोहिमेशी संबंध नसलेल्या गटाची. मोहिमेच्या स्वतःच्या जाहिरातीत तुरुंगाचं फिरतं दार होतं, हॉर्टनचं नावही नव्हतं. गोऱ्या मतदाराच्या मनातली भीती मात्र नेमकी जागी झाली.

याला मराठीत एक अस्सल शब्द आहे: पाताळयंत्री. पाताळयंत्र हे जुन्या रसशास्त्रातलं उपकरण. खड्ड्यात एक भांडं पुरायचं, त्याच्यावर तळाला भोक असलेलं दुसरं भांडं द्रव्य भरून ठेवायचं आणि विस्तव पेटवायचा तो वरून. तेल खाली थेंबथेंब गळतं. बिब्ब्याचं तेल काढण्याची ही एक रीत. माणसाला लावलेल्या ‘पाताळयंत्री’ची संगती मला इथेच लागते: जाळ सगळ्यांना दिसतो, जमा होतं ते जमिनीखाली. ‘कारस्थानी’ त्यापुढे फिका वाटतो, आणि ‘कळलाव्या’ तर चाळीतल्या भांडणापुरता.

तरीही हा शब्द पात्राच्या ओळखीच्या पट्टीवर लिहू नका. पट्टी निवेदकाची असते, आणि ‘स्ट्रॅटेजिस्ट’ म्हणताना निवेदकाने निकाल दिलेला नसतो. तिथे ‘निवडणूक रणनीतीकार’ पुरे. ‘व्यूहरचनाकार’ मला अधिक आवडतो, पण दोन सेकंदांत वाचून व्हायला हवा ना! जिथे विरोधक चिडून बोलतो तिथे ‘पाताळयंत्री’ बिनधास्त वापरा. ‘डर्टी ट्रिक्स’ला ‘घाणेरड्या युक्त्या’ नको, ‘हलकट डाव’ म्हणा. मोहिमेतली माणसं आपल्याच कामाबद्दल फुशारकीने बोलतात तिथे आखाड्यातला ‘डावपेच’ चालेल, कारण त्यात पापाची टोचणी नाही. एकाच कामाला तिघांनी तीन शब्द वापरले तर भांडण कशावरून आहे ते प्रेक्षकाला आपोआप कळेल. सगळीकडे एकच शब्द राहावा हा नियम कायद्याच्या मसुद्याला ठीक, इथे नको.

शीर्षकाबद्दलही त्यांनी विचारलं आहे. ‘बागुलबुवा’ हा अर्थ तंतोतंत आहे, पण बूगी हा नाचगाण्याचाही प्रकार आणि अ‍ॅटवॉटर ब्लूज गिटार वाजवायचा. ती कोटी मराठीत येत नाही. शीर्षक आहे तसं ठेवून खाली बारीक अक्षरात ‘अमेरिकी राजकारणातला बागुलबुवा’ द्या.

एक जागा मात्र जपून करा. मेंदूतल्या गाठीने १९९१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याआधी ‘लाइफ’ मासिकातून त्याने डुकाकिस यांची माफी मागितली आणि त्यांच्याबद्दलच्या आपल्या एका वाक्यात ‘नेकेड क्रुएल्टी’ होती असं म्हटलं. माहितीपटात ते शब्द आले तर ‘नग्न क्रूरता’ लिहू नका, वर्तमानपत्री वाटतं. ‘उघडंनागडं क्रौर्य’ लिहा. आणि ‘दिलगिरी’ नको. दिलगिरी कचेऱ्या व्यक्त करतात, त्याने माफी मागितली होती.