डिसेंबरात चार दिवस पुण्यात आहे, शास्त्रीय संगीत आवडतं. सवाई गंधर्व महोत्सवाचं कुठलं तिकीट काढू आणि काय काय रेकॉर्ड करता येईल?

तिकिटाचं आधी सांगतो. भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली मांडी घालून बसायचं काढा. सोफ्यावर बसणारी माणसं निम्मा वेळ मागे वळून कोण कोण आलंय ते बघत असतात. लवकर पोचा, शाल आणि पाठीला टेकायला काहीतरी घ्या, आणि स्पीकरच्या तोंडासमोर बसू नका. रमणबागेच्या जुन्या पत्त्यावर जाऊ नका. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. रात्रभर गाणं ऐकण्याचे दिवसही संपले, ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे आता वेळेत उठावं लागतं.

आता रेकॉर्ड करण्याचं. नका करू. हे मी मोबाइल आल्यापासून म्हणत नाहीये, १९८७ पासून म्हणतोय.

त्या वर्षी शनिवार पेठेत एका वाड्यात गाण्याची बैठक होती. पन्नासेक माणसं, जाजमावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. बुवांचं नाव लिहीत नाही, शिष्यमंडळी भांडायला येतील. माझा मोठा भाऊ यजमानांची परवानगी काढून टू-इन-वन घेऊन आला होता. माइक त्यानं घडी घातलेल्या पंचावर, नेमका तबल्याच्या डग्ग्याशेजारी ठेवला. त्यामुळे त्या टेपवर बुवा शेजारच्या वाड्यातून गातायत असं वाटतं, पण ते असो.

बुवांनी बागेश्री राग घेतला. बागेश्रीत पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, वाटेल तेव्हा येत नाही, काही जण तर तो लावतच नाहीत. बुवा पाऊण तास मध्यम-धैवतातच फिरत होते. दादाचं लक्ष टेपच्या खिडकीकडे. नव्वदची कॅसेट, म्हणजे एक बाजू पंचेचाळीस मिनिटं. बडा ख्याल रंगात आलेला आणि खट् करून बटण वर आलं. दादानं कॅसेट काढली, उलटी केली, झाकण बसेना, दोन्ही बटणं एकदम दाबायची ती दाबली जाईनात. आणि तेवढ्यात बुवांनी मध्यमावरून पंचमाला नुसता हात लावला, धैवत घेतला आणि सावकाश कोमल गंधारावर उतरले. माझ्या शेजारचे आजोबा अडकित्ता हातात धरून तसेच थांबले होते, सुपारी अर्धी कातरलेली.

घरी येताना मी म्हटलं, "काय पंचम लावला!" दादा म्हणाला, "कुठला पंचम?" दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी टेप ऐकवली. पंचम नाही. तेव्हापासून घरात निकाल लागलेला आहे: बुवांनी त्या रात्री पंचम लावलाच नाही, कारण तो टेपवर नाही. दादा तिथेच होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. पण तो झाकणाशी झटत होता.

म्हणून सांगतो, फोन खिशात ठेवा. सवाईत समोर शेकडो पडदे चमकत असतात, त्यातला निम्मा ऐवज पुन्हा कुणी उघडूनही बघत नसेल.

एक मात्र कबूल करायला हवं, नाहीतर दादा हे वाचून फोन करेल. हा महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि त्याची सांगता होते ती गुरूंच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेनंच. ते १९५२ साली गेले. कुणी मुद्रण केलंच नसतं तर आम्ही काय ऐकलं असतं? बरोबर आहे. पण ते करणारा माणूस वेगळा आणि ऐकणारा वेगळा असावा, एवढंच माझं म्हणणं. शिवाय गुडघे दुखत असतील तर खुर्चीच घ्या, वर जे बोललो ते मनावर घेऊ नका.

सकाळी वेळ असेल तर केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन बघा. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेला भारत गायन समाजही पेठांतच आहे. छोट्या बैठकांची चौकशी अशाच ठिकाणी करावी.

गेल्या दिवाळीत दादानं ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि दोन्ही बाजू मला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच हेडफोन लावून ऐकली. दुसऱ्या बाजूला आधी थोडी कोरी पट्टी, आणि मग पहिला आवाज बुवांचा नाहीच. श्रोत्यांतून कुणाचं तरी "...क्या बात!" अर्धवट पकडलं गेलंय. मी लगेच दादाला कळवलं, की दाद आहे, म्हणजे आधी काहीतरी झालंय.

त्याचं उत्तर आलं, "ती दाद तबल्याला आहे."

विलंबित एकतालाच्या संथ, साध्या ठेक्याला!