हजार क्रियापदांची पीडीएफ राहू द्या, आधी 'लागणे' सोडवा

तुम्ही लिहिलंय की हजार इंग्रजी क्रियापदांची पीडीएफ मिळालीय, रोज वीस पाठ करताय, तीनशेच्या पुढे गेलाय, आणि तरी मॉक इंटरव्ह्यूला बसल्यावर तोंडातून 'आय डिडन्ट वेंट' निघालं आणि समोरचा हसला. खरा इंटरव्ह्यू दीड महिन्यावर आलाय, तर उरलेली सातशे कधी संपणार. माझं स्पष्ट मत, संपवूच नका.

माझंही मराठी मिडीयमच, सातारा जिल्ह्यातलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली) आणि 'गो वेंट गॉन, कम केम कम' आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो, डोलत डोलत. तक्ता अजून पाठ आहे. पण पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसची ट्रिप महाबळेश्वरला निघाली, पसरणी घाट सुरू झाला आणि साहेब मराठी नव्हते, त्यांना मला सांगायचं होतं की मला बस लागते, पुढची सीट द्या. मी म्हणालो "सर, बस टचेस मी". अख्खी बस हसली, साहेबांना काहीच कळलं नाही, आणि पुढचं पिशवीत झालं ते सांगत नाही. म्हणायचं होतं फक्त 'आय गेट कारसिक'. गेट मला दहा वर्षं येत होतं हो, गेट गॉट गॉट. ते इथे लागतं हे माहीत नव्हतं.

तर सगळा घोळ इथे आहे. आपण शिकतो 'गेट म्हणजे मिळणे', 'डू म्हणजे करणे', 'टेक म्हणजे घेणे', एकास एक, जणू दोन्हीकडे सारखीच खुंटी आहे. एक प्रयोग करा. काल दिवसभरात तुम्ही 'करणे' वापरून जे जे बोललात ते लिहून काढा. मी माझं लिहितो: अंघोळ केली, स्वयंपाक केला, आईला फोन केला, गाडी पार्क केली, हिशोबात चूक केली, रिक्षावाल्याशी भांडण केलं, भावाने उशीर केला. आता इंग्रजी बघा. टुक अ बाथ, कुक्ड, कॉल्ड, पार्क्ड, मेड अ मिस्टेक, फॉट, वॉज लेट. सात वेळा 'केलं' आणि 'डिड' एकदाही नाही! आणि जिथे आपण 'करणे' म्हणतच नाही तिथे ते डू वापरतात, भांडी घासणे म्हणजे डू द डिशेस, कपडे धुणे म्हणजे डू द लाँड्री. म्हणून सुटं क्रियापद पाठ करणं म्हणजे नुसता नवरदेव बघून येणं, त्याच्याबरोबर वऱ्हाड कोण आहे ते बघायला हवं. मिस्टेक बरोबर मेक, फोटो बरोबर टेक, अटेन्शन बरोबर पे. जोडीनेच वहीत लिहा.

आता 'लागणे'. हे आपलं सगळ्यात चिवट क्रियापद, इंग्रजांचं गेट जसं तसंच, कुठेही घुसतं. वेळ लागतो, इट टेक्स टाइम. झोप लागली, आय फेल अस्लीप. आग लागली, इट कॉट फायर. भूक लागली, आय ॲम हंग्री, म्हणजे इथे नुसतं ॲम. नोकरी लागली, आय गॉट अ जॉब. पैसे लागतील, वी विल नीड मनी. निकाल लागला, द रिझल्ट्स आर आउट. फोन लागत नाही, द कॉल इजन्ट गोइंग थ्रू. एका लागणेमागे टेक, फॉल, कॅच, बी, गेट, नीड, गो एवढी माणसं उभी आहेत, आणि सगळी रोजच्या वापरातली. मी शनिवार-रविवार चार पोरांना शिकवतो, त्यांना पहिला आठवडा फक्त लागणे आणि करणे देतो, पोरं वैतागतात पण दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागतात.

किती क्रियापदं पुरतात याचं एक टोकाचं उदाहरण सांगतो. ऑग्डेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' म्हणून ८५० शब्दांची छोटी केलेली इंग्रजी मांडली, त्यात क्रियापदं होती फक्त १८. कम, गो, गेट, गिव्ह, टेक, पुट, मेक, कीप, लेट, सीम, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, मे आणि विल. एंटर नको, गो इन म्हणा, रिमूव्ह नको, टेक ऑफ म्हणा. तसं बोललं तर थोडं खुळचट वाटतं हे खरं, तुम्ही १८ वर थांबा असं म्हणत नाही, पण ही १८ हाताखाली आली की बाकीची आपोआप चिकटतात. हजारावर सुरुवात करायची गरज नाही एवढंच.

तुम्ही चिडून विचारलंय की सगळी वापरातलीच क्रियापदं वाकडी का, गो ला सरळ इड लावून 'गोड' (goed) का नाही. अहो मग जाणे चं 'जाला' का नाही? आपण म्हणतो गेला. येणे-आला, होणे-झाला, करणे-केला. माझी पुतणी तीन वर्षांची असताना 'मी करलं' म्हणायची, नियमाने बरोबरच होतं की तिचं. रोज तोंडात असतात ती क्रियापदं वाकडीच टिकतात कारण पोरं ती ऐकून ऐकून उचलतात, कमी वापरातली हळूहळू सरळ होतात. हेल्प चा भूतकाळ एकेकाळी होल्प होता, आता हेल्प्ड झालाय. आणि वेंट तर मुळात गो चा नाहीच, वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा, गो ने तो पळवला. बी, हॅव, डू, से, गेट, मेक, गो, नो, टेक, सी ही सगळ्यात जास्त लागणारी दहा बघा, एकही सरळ नाही. ती पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही.

आता तुमचं 'डिडन्ट वेंट'. ही मराठीची चूक आहे, तुमची नाही. आपण म्हणतो 'मी गेलो नाही', म्हणजे भूतकाळ गेलो मध्येच राहतो आणि नाही शेवटी येऊन बसतं. इंग्रजीत डिड आला की भूतकाळाचं ओझं तो एकटा उचलतो, मागचं क्रियापद मोकळं, आय डिडन्ट गो, डिड यू गो. तसंच 'ही टोल्ड टू मी', आपल्या 'मला' तला ला तिथे टू होऊन बसतो. टेल म्हणजे सांगणे, त्याला माणूस थेट लागतो, टोल्ड मी. से म्हणजे म्हणणे, तिथे माणूस आणलात तरच टू.

उच्चाराचं पटकन. 'वॉकेड', 'आस्केड' म्हणू नका प्लीज, हे इंटरव्ह्यूत लगेच कानाला खटकतं. क्रियापदाच्या शेवटी क, प, स, श, च, फ असा आवाज असेल तर नुसता ट, वॉक्ट, आस्क्ट. ट किंवा ड असेल तरच इड, वॉन्टिड, नीडिड. बाकी सगळीकडे ड, प्लेड, कॉल्ड.

आणि इंटरव्ह्यूत हमखास येणारं एक वाक्य, 'मी तिथे दोन वर्षांपासून काम करतोय'. शंभरातले नव्वद जण म्हणतात 'आय ॲम वर्किंग देअर सिन्स टू इयर्स', कारण शब्दाला शब्द तेच होतं. बरोबर आहे ते 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू इयर्स'. हे एक वाक्य आजपासून रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा, अंघोळ करताना म्हणा, गाडीवर हेल्मेटमध्ये म्हणा, कुणाला ऐकू जात नाही. सिन्स लागतो तो सालाला, सिन्स २०२२. भाऊ किती विचारलं तर 'आय ॲम हॅविंग' नको, 'आय हॅव टू ब्रदर्स'.

बाकी काही जण सांगतात की ग्रामर-बिमर सोडा, नुसत्या सिरीज बघा. बघा ना, पण मराठी सबटायटल लावून बघितलंत तर मराठीच वाचाल, मी सहा महिने तेच केलं.

उद्यापासून करणे आणि लागणे ची वीस-वीस वाक्यं वहीत काढा, तुमच्या स्वतःच्या दिवसातली, आणि अडलं तिथलं मला पाठवा. पीडीएफ मात्र लगेच डिलीट करू नका, शेवटी अनियमित क्रियापदांचा तक्ता असेल तर तेवढं पान प्रिंट काढून ठेवा.